मॅग्नोलियाची हजामत

त्या सलूनमध्ये एक प्रश्न कधी ऐकू यायचा नाही, तो म्हणजे "किती कापू?" तुम्ही खुर्चीत बसायचं, सलूनवाला तुमच्या गळ्याला पांढरं कापड बांधायचा, दोन पावलं मागे जाऊन मान वाकडी करून तुमच्या डोक्याकडे बघायचा आणि कात्री सुरू करायचा. एखादा नवखा "बाजूने जरा..." असं काही म्हणायला गेला, की उत्तर ठरलेलं. "डोकं बोलतं माझ्याशी. तुम्ही शांत बसा." तेहेतीस वर्षं हा खाक्या चालला, कारण हात खरोखरच चांगला होता. लोक कुरकुरत बसायचे आणि आरशात बघून गप्प उठायचे. अशा माणसाला कोण काय सांगणार?

सोमवारी दुकान बंद. एवढा मोठा दिवस, आणि हात नुसते शिवशिवायचे. मग घरात जे सापडेल त्याला कात्री. कुंपण कापून झालं, पायपुसण्याच्या दशा कापून झाल्या, की महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी बायकोचे केस. स्वयंपाकघरात खुर्ची, खाली वर्तमानपत्र, आणि पंधरा मिनिटांत कानाच्या पाळीपर्यंत चोख. बायको न हलता बसायची. एकतीस वर्षांत तिने कधी तक्रार केली नव्हती, आणि सलूनवाला अभिमानाने सांगायचा की असं गुणी गिऱ्हाईक दुकानात एकही नाही.

वर्षातून एकदा, पानं गळून गेली की, मागच्या अंगणातल्या मॅग्नोलियाची पाळी यायची.

मॅग्नोलिया म्हणजे आपल्या सोनचाफ्याचं नातलग, पण स्वभाव निराळा. हिवाळ्यात सगळी पानं टाकून उघडं होतं आणि थंडी सरता सरता, पानांच्याही आधी, नुसत्या काड्यांवर फुलतं. वाटीएवढी पांढरी फुलं, बुडाशी जांभळी. बायकोच्या आईच्या दारात असं एक झाड होतं. आई थकली तेव्हा बायकोने त्याची खालची फांदी वाकवून मातीत दाबली, वर वीट ठेवली आणि दोन वर्षांनी मुळं धरल्यावर ती तोडून इथे आणून लावली. पुढे आई गेली. घर विकलं. नव्या मालकाने झाड काढून तिथे गाड्यांसाठी फरशी घातली. म्हणजे आईच्या झाडाचं जगात जे काही उरलं होतं, ते या अंगणाच्या कोपऱ्यात, भिंतीला खेटून उभं होतं.

त्याला नऊ वर्षं झाली होती आणि एक फूल आलं नव्हतं.

बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला. रक्त काढायची. तिच्या हाताची ख्याती अशी की पोरं विचारायची, "टोचलं कधी?" पहाटे सहाला ती कामावर, दुपारी तीनला घरी, आणि घरी आली की पर्स ठेवायच्या आधी झाडाकडे एक फेरी. तिने त्या झाडासाठी काय केलं नाही? त्याची मुळं वरवर असतात आणि दुखावली की रुसतात, म्हणून बुंध्याजवळ कधी खुरपं लावू दिलं नाही. मातीत आंबटपणा लागतो म्हणून पाइनच्या वाळक्या सुया पोत्याने आणून पसरल्या. पानं कुजवून खत केलं. ज्या कोणाच्या अंगणात झाड दिसेल त्याला विचारून आली. प्रत्येकाने माती विचारली, पाणी विचारलं, ऊन विचारलं. तुमच्या घरात कात्रीवाला माणूस आहे का, असं कोणी विचारलं नाही.

पानं गळली की पुढच्या सोमवारी, बायको लॅबमध्ये असताना, सलूनवाला शिडी लावायचा. उघड्या काड्यांच्या टोकाला जाडसर बोंडं आलेली असायची आणि त्यांच्यावर मांजराच्या पंजासारखी राखाडी लव. आता सलूनवाल्याला जगात एकाच गोष्टीचा तिटकारा होता, तो म्हणजे लव. मानेवरची असो, कानावरची असो, ती दिसली की त्याला चैन पडत नसे. तो शेंडान् शेंडा कापायचा. लव साफ, झाड गोल, चेंडूसारखं. मग लगेच झाडू. कापलेली गोष्ट जमिनीवर पाच मिनिटं राहिली तरी त्याला दुकानाची अब्रू गेल्यासारखं वाटायचं. सगळं पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत, आणि तीन वाजता बायको आली की हा दारात उभा. "कसं दिसतंय?"

"छान दिसतंय," ती म्हणायची. आईच्या झाडासाठी हा माणूस सुट्टीचा दिवस शिडीवर काढतो, याचंच तिला कौतुक.

त्या वर्षी थंडी ओसरली आणि बायकोने हात टेकले. एका सकाळी चहा ओतता ओतता म्हणाली, "रोपवाल्याला सांगितलंय मी. शनिवारी येऊन काढून नेईल ते झाड. त्या जागी नासपतीचं लावू." आणि डबा घेऊन कामावर गेली. सलूनवाल्याला वाईट वाटलं, पण तो म्हणाला, ठीक आहे, झाड तिचं, निर्णय तिचा. नासपतीला आकार कसा द्यायचा याचा विचारसुद्धा त्याने दुकानात पोचेपर्यंत करून टाकला.

बुधवारी रोपवाला खुर्चीत होता. शहराबाहेर त्याची मोठी रोपवाटिका, दाढी मात्र दर बुधवारी इथेच. गालाला फेस लावून झाला होता, वस्तरा हातात होता, आणि दारातून पलीकडच्या घरातला, चष्म्यांचं दुकान चालवणारा चष्मेवाला आत आला. दुकानातली सगळी डोकी वळली. चष्मेवाल्याच्या डोक्यावर औषधालासुद्धा केस नव्हता आणि सलूनवाल्याची नजर घारीची. त्यामुळे चार वर्षं शेजारी राहून दोघांना एकमेकांशी बोलायचं कारण पडलं नव्हतं.

"केसांसाठी नाही आलो," चष्मेवाला म्हणाला. हे त्याने सांगायची गरज नव्हती. "तुमच्या झाडाचं काहीतरी करा. दरवर्षी बोलेन बोलेन म्हणतो आणि राहून जातं. आमच्या मागच्या वाटेवर पाकळ्यांचा खच पडतो. त्या ओल्या झाल्या की आमची आई घसरते. काल पडता पडता वाचली."

"कसल्या पाकळ्या?" सलूनवाला म्हणाला.

"तुमच्या झाडाच्या. पांढऱ्या. भिंतीवरच्या वेलीतून दोन फांद्या आमच्या बाजूला उतरल्यात ना, त्यांच्या. तुमच्याकडे तर पायघड्याच पडत असतील."

"आमच्या झाडाला फूल येत नाही," सलूनवाला म्हणाला.

खुर्चीतला रोपवाला फेसातून हसला. "अहो, शनिवारी मी तेच झाड काढायला येणार आहे ना? वहिनी म्हणाल्या, नऊ वर्षांत एक फूल नाही. मग यांच्या बाजूला कुठून आली? भिंतीपलीकडे माती वेगळी असली तरी मूळ एकच." तो जरा थांबला. "एक सांगा, तुम्ही त्याची छाटणी करता?"

"दरवर्षी. पानं गळली की."

"शेंडे कापता?"

"शेंड्यांनाच तर लव येते."

रोपवाल्याने आरशातून त्याच्याकडे बघितलं. दुकानात बाकी तिघं होते, त्यांनीही बघितलं.

"लव नाही ती," रोपवाला म्हणाला. "कळी आहे. मॅग्नोलियाच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात, पानांच्या आड. मग हिवाळाभर लोकरीची टोपी घालून बसतात, थंडी लागू नये म्हणून. तुम्ही दरवर्षी फुलं कापताय, साहेब. भिंतीपलीकडे तुमची कात्री पोचत नाही, तिथेच तेवढी वाचली."

सलूनवाल्याने आरशातून नजर काढली. हातातला वस्तरा त्याने खाली ठेवला, कारण अशा वेळी हातावर भरवसा नव्हता आणि रोपवाल्याचा गळा उघडा होता.

"शनिवारी मी यायचं की नाही ते घरात ठरवा," रोपवाला म्हणाला. "पण काम वहिनींनी सांगितलंय. रद्दही त्याच करतील."

बाकीची दाढी कशी झाली ते सलूनवाल्याला आठवत नाही. दुपारी दुकान बंद करून तो आधी चष्मेवाल्याच्या मागच्या वाटेवर जाऊन आला. होतं ते खरंच होतं. मग घरी येऊन स्वयंपाकघरात बसला आणि डोकं चालवायला लागला. वेळ मारून नेणं काही अवघड नव्हतं. बायकोला म्हणायचं, अजून एक वर्ष थांबू. हिवाळ्यात कात्रीला हात लावायचा नाही. पुढच्या वर्षी झाड आपोआप फुलेल, ती खूश, आणि हा नामानिराळा. चष्मेवाल्याच्या वाटेवर रोज पहाटे जाऊन पाकळ्या उचलल्या, तर त्याचंही तोंड बंद राहील. योजनेत एकही भोक नव्हतं.

तीन वाजता बायको आली. याने चहा करून ठेवला होता, तिथेच तिला संशय यायला हवा होता.

"मी म्हणतो, एक वर्ष अजून बघू या का झाडाचं?"

"नको," ती म्हणाली. "नऊ वर्षं बघितलं. आईने नुसती काडी खोचली तरी धरायची. तिच्या हाताला गुण होता. माझ्या हाताला नाही, एवढंच आहे ते. लोकांच्या शिरा बिनचूक सापडतात मला, पण आईचं एक झाड फुलवता आलं नाही. रोज सकाळी चहा घेताना ते समोर दिसतं आणि रोज तेच मनात येतं. आता नाही बघवत."

सलूनवाल्याने तिच्या कपात आणखी चहा ओतला.

"तुम्हाला वाईट वाटतंय, कळतं मला," ती पुढे म्हणाली. "दरवर्षी शिडीवर चढून तुम्ही त्याचं एवढं केलंत. माझ्यासाठीच केलंत ना."

एवढं ऐकल्यावर ती बिनभोकाची योजना कुठल्या कुठे गेली. मनात आलं, आपण गप्प बसलो तर पुढच्या वर्षी फूल येईल, पण या बाईच्या मनातली नऊ वर्षं तशीच राहतील. आणि हिने आपले आभार मानलेले जन्मभर घशाखाली उतरायचे नाहीत.

"तुझ्या हाताचा काही दोष नाही," तो म्हणाला. "फुलं येतात त्याला. मी कापतो."

"काय कापता?"

"कळ्या. मला वाटलं लव आहे."

बायकोने कप खाली ठेवला. "किती वर्षं?"

"लव पाच वर्षं तर नक्की आठवते. आधीचं माहीत नाही."

बायको खिडकीतून झाडाकडे बघायला लागली. सलूनवाला उठला, म्हणाला, "चल," आणि तिला घेऊन चष्मेवाल्याच्या दारात गेला. चष्मेवाल्याने काही न विचारता दोघांना मागे नेलं.

भिंतीवरून वेलीतून वाट काढून दोन फांद्या खाली आल्या होत्या, आणि त्या दोन फांद्यांवर चाळीसएक फुलं होती. काही उमललेली, काही अर्धी, काहींच्या टोपीतून पांढरं नुकतं डोकावत होतं. बायको जवळ गेली. शीर शोधताना ठेवते तशी दोन बोटं तिने एका पाकळीच्या बुडाशी ठेवली.

"आईचंच आहे," ती म्हणाली. "तोच जांभळा." आणि तिथेच, परक्याच्या वाटेवर उभी राहून, ती मनसोक्त रडली. सलूनवाल्यालाही रडू येत होतं, पण आपण केलेल्या कामावर आपणच रडायचं म्हणजे जरा जास्तच झालं असतं, म्हणून तो पाकळ्या गोळा करायला लागला. चष्मेवाला हळूच म्हणाला, "एकदा डोळे तपासून घ्या हवं तर." दुसऱ्या दिवशी सलूनवाल्याने त्याच्याकडून खरंच तपासून घेतले. नजर अगदी स्वच्छ निघाली.

"मग दिसलं कसं नाही?" सलूनवाल्याने विचारलं.

"त्याला माझ्याकडे काच नाही," चष्मेवाला म्हणाला.

त्या दिवशी, रडून झाल्यावर, बायकोने डोळे पुसले, घरी येऊन रोपवाल्याला फोन केला, नासपती दुसऱ्या कोणाला द्यायला सांगितलं, आणि मग नवऱ्याकडे वळली. "आजपासून एक वर्ष या घरात कात्री चालणार नाही. झाडावर नाही, आणि माझ्यावरही नाही."

"तुझ्यावर का?"

"असंच."

ते वर्ष सलूनवाल्याने कसं काढलं ते त्यालाच माहीत. महिन्याचा पहिला सोमवार यायचा आणि जायचा. बायकोचे केस कानाखाली आले, मग मानेवर आले, टोकं वेडीवाकडी, एका बाजूला जास्त. ती पिना लावून कामावर जायची. बाजारात लोक सलूनवाल्याला गाठून विचारायचे, "दिव्याखाली अंधार का हो?" तिकडे झाडानेही ताळतंत्र सोडलं होतं. फांद्या वाट्टेल तिकडे. सोमवारी तो मागच्या दारात बसायचा, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, आणि समोर दोन्ही झिपऱ्या, एक अंगणात उभी आणि एक दोरीवर कपडे वाळत घालणारी.

पानं गळली तेव्हा तो शिडीवर चढला, पण रिकाम्या हाताने. बायकोने खिसे तपासले होते. शेंड्याशेंड्याला लव होती. त्याने बोटाने एकेक हलकेच चाचपली आणि आतलं टणक बोंड त्याला लागलं. दोनशे बारा मोजली. इतकी वर्षं आपण पोती भरभरून काय फेकत आलो, हे त्याला त्या दिवशी पुरतं कळलं, आणि शिडीवरून उतरायला त्याला बराच वेळ लागला.

हिवाळा संपला. कळ्यांच्या टोप्या फाटायला लागल्या आणि नेमकं तेव्हाच रेडिओने सांगितलं, उद्या पहाटे हिम पडणार. नुकत्या उमललेल्या मॅग्नोलियाला हिम लागलं की सकाळी फुलं चहात बुडवल्यासारखी होतात, हे आता सलूनवालाही जाणून होता. त्याने दुपारीच दुकान बंद केलं आणि तिथली सगळी पांढरी कापडं घेऊन आला. बत्तीस होती. संध्याकाळभर दोघांनी मिळून झाडाला कापडं बांधली. चष्मेवाला भिंतीवरून टोकं धरत होता. गाठी सलूनवाल्यानेच मारल्या, गिऱ्हाइकाच्या गळ्याला मारतो तशा, घट्ट नाही आणि सैल नाही.

"आणि आता कात्री नाही," बायको म्हणाली. वर्षभरात त्या विषयावर ती पहिल्यांदा हसली.

सकाळी कापडं सोडली. वरची पाचसात फुलं करपली होती. बाकी सगळं झाड आठ दिवसांत असं फुललं की काडी दिसेना. चष्मेवाल्याची आई काठी टेकत बघायला आली आणि म्हणाली, पडले तरी चालेल.

त्यानंतरच्या सोमवारी संध्याकाळी बायकोने स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली आणि झाडाखाली नेऊन ठेवली. बसली. कापड तिनेच गळ्याभोवती घेतलं. "झालं एक वर्ष," ती म्हणाली. "आणा कात्री."

सलूनवाल्याला आनंद झाला. कात्री, कंगवा घेऊन तो धावतच आला. दोन पावलं मागे गेला, मान वाकडी केली आणि तिच्या डोक्याकडे बघायला लागला. केस खांद्याला टेकले होते, कानापाशी थोडे पांढरे. बघत राहिला. डोकं काही बोलेना. आणि त्याला एकदम शंका आली, की ते याआधी तरी कधी बोललं होतं का, की तो आपला स्वतःशीच बोलत होता. हातातली कात्री जड वाटायला लागली.

"किती कापू?" तो म्हणाला.

बायकोने मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"नुसती टोकं," ती म्हणाली. "मला लांबच आवडतात. लग्नात कमरेपर्यंत होते, आठवतं?"

त्याला आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात, मोठ्या हौसेने, भेट म्हणून त्यानेच ते कापले होते. कापून झाल्यावर विचारलं होतं, कसं दिसतंय? ती म्हणाली होती, छान दिसतंय.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? आणि तुमचा चेहरा इतका खूश असायचा."

सलूनवाल्याचे डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनी कापू नये, म्हणून तो थोडा वेळ कंगवाच फिरवत राहिला. मग त्याने टोकं कापली. बोटभर, त्याहून जास्त नाही. नेहमीच्या पंधरा मिनिटांच्या कामाला त्याने पाऊण तास घेतला. संपल्यावर सवयीने झाडू उचलला, तर खाली केस थोडे आणि पाकळ्याच जास्त होत्या.

"ते राहू द्या," बायको म्हणाली. "आधी आरसा द्या."

तो आत जाऊन आरसा घेऊन आला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि मान या बाजूला, त्या बाजूला वळवून कितीतरी वेळ बघत बसली. बत्तीस वर्षांत तिने आरसा पहिल्यांदाच मागितला होता.